पंधरा नंबरची मागची भिंत

रामेश्वर निवासच्या दुसऱ्या मजल्यावरची सत्तर चौरस फूट जागा सापडत नव्हती. अशी जागा हरवली की ऑफिसातली बाकीची माणसं नकाशात तिथे एक जाड भिंत दाखवून मोकळी होतात. अक्षताचं तसं नव्हतं. चिंचपोकळीच्या घरात तिने लहानपणी आजोबांचा रेडिओ आत माणूस कुठे बसतो ते बघायला उघडला होता, आणि तो रेडिओ पुन्हा कधी बोलला नव्हता. आई अजून म्हणायची, "हिचं नाक आधी घरात शिरतं, मग ही येते." तर सांगायचं काय, ही सत्तर चौरस फूट जागा तिला जेवू देत नव्हती.

हिंदमाताला साड्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर धनेशचं सर्व्हेचं ऑफिस होतं. पुनर्विकासाला निघालेल्या जुन्या चाळींचे नकाशे काढायचे, हा त्यांचा धंदा. पूर्वी टेप धरून दोन माणसं खोलीखोलीत वाकायची, लोकांच्या पलंगाखाली शिरायची, आणि एका चाळीला महिना लागायचा. आता एका काठीच्या टोकाला बोटभर लांबीचा कॅमेरा बसवायचा. त्याला पुढे एक आणि मागे एक असे दोन फुगीर डोळे. काठी खोलीच्या मधोमध उभी केली की तो एका दमात चारही भिंती, छप्पर आणि जमीन टिपून घेतो. ऑफिसात येऊन तो फोटो लांबच लांब पसरायचा आणि जमीन व भिंत जिथे भेटतात त्या कोपऱ्यांवर खुणा करायच्या. कॅमेरा जमिनीपासून किती उंच होता हे ठरलेलं असतं, त्यामुळे कोपरा फोटोत किती खाली दिसतो यावरून तो किती लांब आहे हे कॉम्प्युटर काढतो. एक रुंदी लेझरने मोजून ताळा करायचा, बस. खोलीला खोली जोडत गेलं की चाळीचा नकाशा तयार.

अट एकच. त्या कॅमेऱ्याला पाठ नसल्यामुळे त्याच्यापासून लपता येत नाही. म्हणून घरच्यांना बाहेर काढायचं, आपणही गॅलरीत भिंतीआड उभं राहायचं आणि मोबाइलवरून बटण दाबायचं. मंगळवारी आणि बुधवारी मिळून अक्षताने लालबागच्या रामेश्वर निवास या चाळीतल्या बेचाळीस खोल्यांमधून बेचाळीस कुटुंबं अशी बाहेर काढली होती.

आणि आता गुरुवारी दुपारी नकाशा जुळत नव्हता. चौदा नंबरची खोली दहा बाय अठरा. सोळा नंबरची तेवढीच. मधली पंधरा नंबरची मात्र रुंदीला दहा आणि लांबीला अकराच फूट. तिच्या मागे बाहेरच्या भिंतीपर्यंत सात फुटांचा एक पांढरा चौकोन उरत होता. त्या चौकोनाला दार नाही, खिडकी नाही. वरच्या मजल्यावर नाही, खालच्या मजल्यावर नाही, फक्त इथेच.

"जाड भिंत दाखव," धनेश पलीकडून म्हणाला.

"सात फूट जाड? धनेश, शिवडीचा किल्लासुद्धा एवढा जाड नाही रे."

"मग पाइपांचा डक्ट दाखव. अगं, ती खोली तरी कुठेय? जुन्या यादीत बघ, पंधरा नंबर म्हणजे कोठी आहे. फोटोत मोरी दिसते? खिडकी? गॅस? कोठीच ती. रविवारी चाळवाल्यांची मीटिंग आहे, त्यात खोल्यांची यादी वाचायचीय. कोठीपायी नको अडकूस."

धनेशचं चुकत नव्हतं. मालकाच्या जुन्या नोंदीत पंधरासमोर 'कोठी' असंच लिहिलं होतं. करार साधा होता. राहत्या खोलीला नव्या इमारतीत तिथेच घर. कोठीला घर नाही. कोठीत माणूस राहत नाही, तर घर द्यायचं कुणाला?

अक्षताने फोटो पुन्हा उघडला. पिवळट पांढरी, सपाट मागची भिंत. कडेला तीन पत्र्याच्या ट्रंका, एक गुंडाळलेली सतरंजी. सगळं कोठीसारखंच. तिने फोटो गरागरा फिरवला, छप्पर पाहिलं, जमीन पाहिली, आणि शेवटी आपण जिकडून आत आलो तिकडे वळली. खोलीत शिरणारा माणूस दारावरच्या भिंतीकडे कधी मागे वळून बघत नाही. कॅमेरा बघतो.

दाराच्या वर बाबासाहेबांची तसबीर होती. तशीच तसबीर अक्षताच्या घरात होती, तेव्हा त्याचं तिला नवल नव्हतं. नवल होतं तसबिरीच्या चौकटीत खोचलेल्या फुलाचं. तिने फोटो मोठा केला. पिवळी शेवंती, टवटवीत, त्याच दिवशी सकाळी खोचलेली. आणि दारामागच्या खिळ्याला दोरीने बांधलेला एक चष्मा.

कोठीत रोज सकाळी फूल कोण वाहतं? आणि चष्मा काढून ठेवून ते माणूस जातं कुठे? अक्षताच्या मनात पाल चुकचुकली. शुक्रवारी सकाळी ऑफिसात न जाता ती थेट लालबागला गेली.

चाळीत गूढ गोष्ट विचारायची म्हणजे चांगलाच उद्योग. "पंधराच्या मागे सात फूट जागा आहे, तिथे काय आहे?" एवढंच ती जिन्यात बोलली आणि वर पोचेपर्यंत तिच्यामागे आठ माणसं होती. एकाच्या मते संपाच्या काळात पुढाऱ्यांना लपवायला केलेली चोरखोली. दुसऱ्याने तिथून थेट गिरणीपर्यंत भुयार काढलं. दुसऱ्या मजल्यावरून गिरणीपर्यंत भुयार कसं जाणार, हे विचारायची कुणाला फुरसत नव्हती. चौदा नंबरचे रघुकाका म्हणजे चाळ कमिटीचे सेक्रेटरी. ते बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले.

"मी सांगतो. मालक पहिल्यापासून लबाड. त्याने काहीतरी दडवलेलं असणार." त्यांनी आपल्या खोलीत नेऊन पंधराच्या बाजूची भिंत बुक्क्यांनी बडवून दाखवली. "ऐक. पोकळ वाजते की नाही?"

पोकळ मुळीच वाजत नव्हती. पण रघुकाकांचे डोळे असे चमकत होते की अक्षता मान हलवून मोकळी झाली.

पंधराचं दार उघडंच होतं. उंबऱ्याजवळ एक म्हातारी गहू निवडत बसली होती, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. अक्षताने तिला ओळखलं. मंगळवारी गॅलरीत सगळ्यांच्या मागे उभी राहून ती टकामका कॅमेऱ्याकडे बघत होती. तेव्हा अक्षताला ती कुणाच्या तरी घरची आजी वाटली होती.

"आजी, इथे कोण राहतं?"

"मीच की बाय. जाईबाई. ये ना आत. पाणी देते."

पाणी शेजारच्या चौदामधून आलं. रघुकाकांच्या बायकोने, शांताकाकूने आणून दिलं. अक्षताच्या ते लक्षात आलं, पण तेव्हा तिचं सगळं चित्त मागच्या भिंतीवर होतं. ती भिंतीजवळ गेली. रंग छान एकसारखा. पोपडा नाही, तडा नाही, साध्या खिळ्याचं भोकही नाही. शंभर वर्षांच्या चाळीत एवढी गुणी भिंत तिने पाहिली नव्हती. दारात दाटीने उभ्या असलेल्या लोकांनी माना लांब केल्या. अक्षताने बोट टेकवलं.

भिंत मऊ लागली.

तिने जोराने दाबलं, तर बोटाभोवती भिंतीला खळी पडली आणि बोट काढल्यावर ती हळूच भरून आली. मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. आणि गर्दीतून एक तरणा मुलगा, रघुकाकांचा स्वप्नील, कौतुकाने म्हणाला, "काय फिनिशिंग आहे ना?"

स्वप्नील सणासुदीला मंडप बांधायचा. कापड ताणून त्याची भिंत करणं, कळस करणं, वाटलं तर अख्खा राजवाडा करणं हे लालबागच्या पोरांना नवीन नाही. ही भिंतही त्याचीच होती. मंडपाचं जाड कापड बांबूच्या चौकटीवर ताणून, वर छपराला आणि खाली जमिनीला अशी बेमालूम पट्टी मारली होती की कॅमेऱ्याचे दोन आणि अक्षताचे दोन, चारही डोळे फसले.

"पण कशाला?" अक्षताने विचारलं.

"फोटो काढणार होतीस ना तू," शांताकाकू म्हणाली. "घराचे फोटो बिल्डरकडे जाणार म्हटल्यावर पसारा कसा दाखवायचा गो? म्हणून सगळ्यांनी आदल्या दिवशी सामान हलवलं. तुझ्या फोटोत आमची खोली बघितलीस ना, कशी ऐसपैस आली?"

"आणि सामान कुठे हलवलंत?"

"कुठे म्हणजे? जाईबाईंकडे."

हे ती इतक्या सहज म्हणाली की जणू नळाला पाणी येतं असंच सांगत होती. स्वप्नीलने कोपऱ्यातली पट्टी उचकटली आणि कापड बाजूला केलं. आत जमिनीपासून छपरापर्यंत चाळ रचून ठेवली होती. गाद्यांच्या वळकट्या, ट्रंका, कपाटाचं एक दार, दोन सायकली, तांब्याचे हंडे, नातवंडांच्या तीनचाकी, शिलाई मशीन. सगळं इतकं चापून बसवलेलं की मधून मुंगी जायची नाही. सात फूट बाय दहा फूट. अक्षताची सत्तर चौरस फूट जागा सापडली.

ती हसली. खरं तर पोट धरून हसली, आणि दारातली सगळी माणसं तिच्याबरोबर हसली, जाईबाईसुद्धा. भुयारवाला तेवढा हिरमुसला. मग हसता हसता अक्षताला त्या ढिगाच्या उजव्या बाजूला खाली उतरत्या फरशीची कड दिसली.

"ही मोरी आहे?"

"हां. नि तिकडं बाजूला माझा ओटा, गॅस," जाईबाई म्हणाली.

"मग चार दिवस तुम्ही आंघोळ, स्वयंपाक?"

"शांताकडं करते. चार दिवसांचा काय प्रश्न बाय. कुणी सांगितलं, परत फोटो काढतील, म्हणून ठेवलंय तसंच."

अक्षताला फोटो आठवला. फोटोत मोरी नाही, खिडकी नाही, गॅस नाही. ज्या बाईची ही खोली, तिला आपणच हात जोडून बाहेर उभं केलं. नोंदीत कोठी, फोटोत कोठी, आणि परवाच्या रविवारी यादीतही कोठी. या लोकांनी आपापली घरं छान दिसावीत म्हणून एका बाईचं घर पुसून टाकलं होतं, आणि त्यावर खुणा करून नकाशा काढणारी होती अक्षता. तिला स्वतःचा राग आला. मग शांताकाकूचाही आला. पण शांताकाकूच्या हातात अजून जाईबाईच्या पाहुणीसाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता, त्यामुळे तो राग नीट करताही येईना.

तिने सगळं सांगितलं. आडवळणं न घेता सांगितलं, की अशीच यादी गेली तर पंधरा नंबरला घर मिळणार नाही. दारातलं हसू थांबलं.

"असं कसं?" रघुकाका म्हणाले. "चाळीतलं शेंबडं पोर सांगेल की जाईबाई इथे राहते."

"काका, नोंदीत कोठी का आहे?"

बोलली जाईबाई. हातातलं गव्हाचं सूप तिने शांतपणे खाली ठेवलं.

"माझे मालक, भिवा, गिरणीत होते. चौऱ्याहत्तर साली खोली बघत इथं आले. खोली रिकामी होती, बारा नंबरची. पण आमच्या लोकांना खोली द्यायला चाळीतल्या लोकांची तयारी नव्हती. तेव्हाचे लोक, यांचे आईबाप. चाळीच्या मालकाचा मुनीम म्हणाला, खोली नाय देता येत, कोठी देतो. कोठीला कुणाची हरकत नाय. फक्त एक अट, चाळीचं सामान लागलं तर तिथं ठेवायचं. आम्ही म्हटलं, चालेल. ह्यांनी मोरी बांधली, ओटा बांधला. पण अट ती अट."

"आणि तुम्ही अजून ती पाळताय?"

"कुणी येऊन म्हटलं का, अट संपली?" जाईबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रघुकाकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर बसून ते लहानपणी जत्रेला गेले होते. सामान ठेवायला जाताना आपण काय करतो आहोत हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

अक्षताने गॅलरीतून धनेशला फोन लावला.

"आधीचे फोटो गेलेत गं बिल्डरकडे," धनेश म्हणाला. "नवे काढ, उद्याच काढ. पण जुने मी पुसणार नाही. दोन्ही राहतील. उद्या कोणी विचारलं तर आपण काही लपवलं नाही असं तोंड वर करून सांगता आलं पाहिजे."

अक्षताला ते पटलं, आणि त्याचीच भीतीही वाटली. एका खोलीचे चार दिवसांच्या अंतराने दोन फोटो. एकात कोठी, एकात घर. कुणीही म्हणेल की दुसराच सजवला आहे.

शनिवारी सकाळी पंधरा नंबर रिकामी झाली. सोमवारी ठेवलेलं सामान तासाभरात निघालं. मग त्याच्यामागून जुनं निघायला लागलं, आणि ते बघून चाळीने तोंडात बोटं घातली. कुणाच्या मुंजीचं ताम्हन, कुणाच्या मेलेल्या सासऱ्याची ट्रंक, चौथ्या मजल्यावरच्या घटस्फोटित मुलीचा रुखवत, अठरा वर्षांपूर्वीच्या मंडपाच्या ट्यूबलाइटी. प्रत्येक वस्तू थोड्या दिवसांसाठी आली होती आणि थोडे दिवस संपलेच नव्हते. तळाची ट्रंक रघुकाकांच्या वडिलांची होती. ती उचलताना काका म्हणाले, "आम्ही ही गावाला पाठवली असं समजत होतो."

आणि ट्रंकेमागे खिडकी होती.

जाईबाईला ती आहे हे ठाऊक होतं, पण शेवटची कधी उघडली ते तिला आठवेना. धाकट्या मुलाच्या लग्नाआधी, एवढंच म्हणाली. कडी गंजून बसली होती. स्वप्नीलने हातोडीचे चार ठोके दिले, मग खांदा लावला, आणि दोन्ही दारं करकरत बाहेर उघडली. उजेड आत आला तो थेट समोरच्या भिंतीपर्यंत. पलीकडच्या चाळीतली एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली.

"अगोबाई, तिथे खिडकी आहे होय?" ती ओरडून म्हणाली.

"हाय की!" जाईबाईने तिकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

अक्षताने काठी मधोमध रोवली. जाईबाई फडकं घेऊन मोरी पुसायला वाकली. फोटो म्हणजे सगळं लख्ख पाहिजे, हे तिच्याही अंगात भिनलेलं होतंच.

"आजी, राहू दे. ओलीच राहू दे."

"ओली? फोटोत?"

"ओलीच. गॅसवरचं पातेलंही काढू नका. दोरीवरचं लुगडं तसंच राहू दे."

तसबीर दारावरून निघून आपल्या मूळ जागी, खिडकीशेजारी गेली. शेवंती आजची होती. मग दोघी बाहेर आल्या आणि गॅलरीत भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

"मी नाय ना दिसणार यात?" जाईबाईने विचारलं.

"नाही आजी. माणूस दिसला तर नकाशा बिघडतो."

"मग त्यांना कसं कळणार कोण राहतं ते?"

अक्षताने बटण दाबलं. आत बारीकशी शिट्टी वाजली. संध्याकाळी ऑफिसात तिने चार कोपऱ्यांवर चार खुणा केल्या, आणि चौदा, पंधरा, सोळाची मागची भिंत एका रेषेत आली. दहा बाय अठरा. पांढरा चौकोन नकाशातून गेला. इतका सुरेख जुळलेला नकाशा बघून एरवी ती चहा मागवायची. आज तिला उद्याची धास्ती होती.

मीटिंग खालच्या चौकात होती. नकाशे दाखवायला पडदा हवा होता, तो स्वप्नीलने बांधला, आणि अक्षताला ते कापड ओळखायला क्षणही लागला नाही. बिल्डरकडून मेघना नावाच्या आर्किटेक्ट बाई आल्या होत्या. हुशार, नीटस, घाईत. पहिल्या चौदा खोल्या भराभर गेल्या. पंधराला त्या थांबल्या.

"याचे दोन सेट आहेत. मंगळवारी कोठी, शनिवारी घर. मला कुणावर शंका घ्यायची नाहीये, पण सही मी करणार आहे. यातलं खरं कोणतं?"

अक्षता उभी राहिली. "दोन्ही खरे आहेत मॅडम. मंगळवारी मागचं सामान कापडाने झाकलेलं होतं, मी जे दिसलं तेच टिपलं. चूक माझी आहे. मी रुंदी मोजली आणि लांबी फोटोवर सोडली."

"ते ठीक आहे. पण मंगळवारी तिथे सामान होतं. सामान ज्या जागेत ठेवतात तिला कोठीच म्हणतात ना? ते सामान कुणाचं?"

जाईबाई मागच्या खुर्चीवर चष्मा पुसत होती. अक्षताने रघुकाकांकडे पाहिलं. रघुकाका टेबलावरच्या यादीकडे बघत होते. सेक्रेटरी म्हणून त्या यादीवर त्यांनी आधीच सही केलेली होती. 'पंधरा, कोठी' या ओळीसकट, न वाचता. ते उठायला इतका वेळ लावत होते की अक्षताला वाटलं, संपलं.

मग ते उठले. "त्यातल्या तीन ट्रंका माझ्या," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "एक माझ्या वडिलांची. ज्यांनी चौऱ्याहत्तर साली बारा नंबरची खोली यांना देऊ दिली नाही, त्यात ते पहिले होते. ट्रंक त्यांची, ठेवली मी. बाई तिथे राहते. पन्नास वर्षं राहते. कोठी आम्ही केली."

शांताकाकूने पदर तोंडाला लावला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "शिलाई मशीन माझी." "हंडे आमचे." "त्या सायकली पोरांच्या, माझ्या." एकेक जण उठून आपली वस्तू सांगायला लागला. भुयारवाल्याने कपाटाचं दार आपलं असल्याचं कबूल केलं. मेघनाबाईंनी थोडा वेळ लिहून घेतलं, मग लिहायचं सोडून नुसतं ऐकलं. शेवटी त्यांनी यादीतला एक शब्द खोडला, त्याच्यावर 'राहती खोली' असं लिहिलं, शेजारी आपली सही केली आणि कागद रघुकाकांपुढे सरकवला. काकांनी या वेळी आधी वाचलं, मग सही केली.

अक्षता निरोप घ्यायला वर गेली. जाईबाई खोलीच्या मधोमध, काल काठी होती साधारण त्याच जागी, चटईवर बसली होती. खिडकी उघडी होती. एवढी जागा एकदम मिळाल्यावर तिचं काय करायचं हे तिला सुचत नसावं. ती एकदा ओट्याकडे बघायची, एकदा खिडकीकडे.

"किती म्हणालीस? एकशे ऐंशी?"

"एकशे ऐंशी चौरस फूट, आजी."

"मला वाटलं व्हतं, ल्हान हाय माझी खोली," जाईबाई म्हणाली.

तेवढ्यात दारात शांताकाकू आली. डोळे अजून लाल होते, खालून रडून आली होती. पण काखेत गादीची एक वळकटी होती. चार दिवस ऐसपैस राहायची सवय झालेली, शिवाय संध्याकाळी तिच्याकडे पाहुणे यायचे होते. तिने नेहमीसारखाच एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"जाईबाई, एवढी फक्त उद्यापर्यंत हा. तिथे खिडकीखाली टाकते."

जाईबाईने वळकटीकडे पाहिलं. मग ती सबंध मोकळी खोली पाहिली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सावकाश.

"जागा नाय गं शांता," जाईबाई म्हणाली.

शांताकाकूचा पाय उंबऱ्यावर तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला, वळकटी दुसऱ्या काखेत धरली आणि गॅलरीतून आपल्या खोलीकडे गेली. जाईबाई उठली आणि अक्षतासाठी चहाचं आधण ठेवायला ओट्याकडे गेली.